साडेचार बोटं

शालन सातपुते दुकानात आल्या तेव्हा मी
एका वाढदिवसाच्या फ्लेक्सवर
अठ्ठावीस शुभेच्छुकांचे गोल चेहरे बसवत होतो.
पापाच्या तिकटीवर दुपार, गिऱ्हाईक नाही.
म्हणाल्या, आईचा फोटो पाहिजे.
द्या की, स्कॅन करतो.
फोटो असता तर तुझ्याकडं कशाला आले असते?

मग नवीन टॅब उघडला.
सांगा, कशी होती आई?
सुंदर होती.
मी लिहिलं: सुंदर म्हातारी, चप्पल कारागीर, कोल्हापूर.
बाई आली. गोरी, गुळगुळीत,
पाठीमागं कसला तरी राजवाडा,
आणि पायात, काय सांगू, बूट.

सुंदर खोडलं.
तो शब्द घातला की मशीन डोळेच मिटून घेतं.
राजवाडा नको, असं लिहिलं
तर राजवाड्यावर अजून दोन मजले चढले.
चूक माझीच. नको म्हटलेलं त्याला आधी ऐकू येतं.
म्हणून नाही ते सांगायचं नाही, आहे ते सांगायचं.
मागं काय होतं मावशी?
पत्रा. त्यावर कॅलेंडरचा फेब्रुवारी,
जून आला तरी कुणी फाडला नव्हता.

आणि आई काय करायची?
वेणी घालायची.
मशीननं तिच्या केसांची वेणी घातली, वर गजरा माळला.
शालनबाई एवढ्या हसल्या
की शेजारचा झेरॉक्सवाला डोकावून गेला.
अरे चपलेची वेणी! पट्ट्यावरची!
मग नाव सोडून दिलं, काम लिहिलं:
चामड्याच्या तीन बारीक वाद्या, ओल्या,
एक दातात धरलेली, दोन हातात,
मान डावीकडं कललेली.

उजेड कुठनं येतो?
उजेड?
हे त्यांना आजवर कुणी विचारलं नसावं.
दारातनं. खिडकी नव्हतीच.
ऊन उंबऱ्याच्या आत चार बोटं आलं
की आई चहाला उठायची.
मी लिहिलं: एकाच बाजूनं उजेड, थोडा, जमिनीलगत.
पडद्यावरची खोली अंधारली
आणि त्या खुर्चीतच पुढं सरकल्या.

वास टाकता येतो का रे?
कशाचा?
हिरड्याचा. बाभळीच्या सालीचा. भिजल्या कातड्याचा.
नाही येत.
बरं.

आणि डाव्या हाताचं हे बोट अर्धं.
रापीनं गेलं, मी पोटात असताना.

इथं मात्र अडलं.
ज्या मशीनला मी दोन वर्षं
सहावं काढ, सातवं काढ म्हणून दम भरला
ते आता शहाणं झालंय. पाच म्हणजे पाच.
अर्धं बोट, तुटकं बोट, आखूड बोट,
दोन पेरं कमी, साडेचार बोटं,
सगळ्या तऱ्हेनं सांगून बघितलं, अकरा वेळा.
अकरा वेळा त्यानं हात धडधाकट करून दिला,
देवऋष्यागत, न मागता.

मी खोडून देतो हातानं, दोन मिनिटांचं काम.
राहू दे, म्हणाल्या.
बराच वेळ त्या बोटाकडं बघत बसल्या.
एवढं असतं तर दिवसाला अजून एक जोड ओढला असता तिनं.

प्रिंट काढली. बारा बाय अठरा, मॅट.
दोनशे ऐंशी झाले.
त्यांनी अडीचशे ठेवले टेबलावर.
अर्धं बोट तुझ्या मशीननं आपल्या मनानं दिलंय,
त्याचे तीस कापले.

गुंडाळी काखेत मारून त्या चप्पल लाईनच्या गर्दीत शिरल्या.
मी फ्लेक्सकडं वळलो.
अठ्ठावीस चेहरे, झाडून सगळे सुंदर,
आणि एकावरही उजेड कुठनं पडतोय
ते कळेना.